मदत हवी आहे: एम.एड.चा विषय धड शिक्षणात नाही, धड पर्यावरणात नाही

नमस्कार मंडळी, एम.एड.च्या लघुशोधासाठी यवतमाळ जिल्ह्यातला विषय घेतलाय, बी.एड.ची पोरं इंटर्नशिपला ज्या गावात जातात तिथल्याच हापशीचं पाणी त्यांनी फील्ड किटने तपासायचं आणि त्यावरच शाळेत पाठ घ्यायचा. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, पण आपल्याकडे अजून पोस्टर आणि घोषवाक्यांवरच भागतंय. गाईड म्हणतात हा विषय पाणीपुरवठा खात्याचा, शिक्षणशास्त्राचा नाही 😅

परवा स्वतः एक ट्रायल घेतली, फ्लोराइडचं रिएजंट टाकल्यावर गुलाबी रंग बघता बघता पिवळट झाला, चार्टवर लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वरच दिसतंय, म्हणजे पर्यायी स्रोत नसला तरी चालणारी जी कमाल मर्यादा आहे तिच्याही वर.

तर ४० छात्राध्यापक आहेत, एकाच गटाची पूर्व-उत्तर चाचणी चालेल का कंट्रोल ग्रुप लागेलच? पर्यावरण अभिवृत्तीची मराठीतली प्रमाणित चाचणी कोणी वापरलीय का? आणि हे रीडिंग आधी जलसुरक्षकाला (गावातल्या पाण्याची देखरेख करणाऱ्याला) सांगू की लॅबमधून खात्री करून मग ग्रामपंचायतीत जाऊ? उगाच गावात घबराट नको, पण त्याच हापशीवर पोरं बाटल्या भरतात हो.