बाबांची पद्मिनी: उभी करायची की भंगारात द्यायची? (एक चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

वाशीचा धाकटा

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं: आमच्या बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी भंगारात द्यावी. मोठा भाऊ ठाण्याला पाचपाखाडीत असतो, तो म्हणतो काहीही होवो, दुरुस्त करून पुन्हा उभी करायची. दोन महिने यावरून आमचे फोन चालू आहेत. एक फोन झाला की तीन दिवस बोलणं बंद.

गाडी २०११पासून वाशीत आमच्या सिडकोच्या बिल्डिंगखाली बदामाच्या झाडाजवळ उभी आहे. पंधरा पावसाळे, वर खाडीचं खारं वारं, आणि बदामाची पानं कुजून समोरच्या काचेखालच्या खाचेत घट्ट बसलेली. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चालली आहे. घरं रिकामी करायची तेव्हा गाडीही हलवायची, ढकलायची म्हटलं तरी चाकं जाम आहेत.

एका गॅरेजवाल्याला दाखवली. पत्रा आणि रंग मिळून दीड लाख म्हणाला, "बाकी उघडल्यावर कळेल." हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महाग वाटतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय?

बाबांची आठवण म्हणाल तर ती गाडीत नाही. ते २०१७ला गेले, त्याच्या सहा वर्षं आधीच त्यांनी गाडी सोडली होती.

जुनं ते सोनं

साफ चूक. दीड लाखात आज मोटारसायकलही धड येत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी आहे ती, आता एकही नवी बनणार नाही. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची होती, वीस वर्षं भरल्यावर २०२३ला तीही गेली. उरल्या त्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या दारात. माझी १९८२ची आहे, तीन वर्षं खपतोय तिच्यामागे, कंटाळा आलेला नाही. विंटेजमध्ये नोंदवा आणि निवांत राहा. हौसेला मोल नसतं.

घोडबंदर रोड

विंटेज? त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात. १९८६ची गाडी २०३६ला बसेल त्यात. शिवाय मूळ रूप फार बदललेलं चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढताही येत नाही. २०२१च्या नियमात हे सगळं आहे. कृपया लोकांना स्वप्नं विकू नका.

ऐरोलीची सून

मुळात पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी रस्त्यावर चालतच नाही ना? जप्त करतात म्हणे.

घोडबंदर रोड

ते दिल्लीकडचं. आपल्याकडे नूतनीकरण होतं, पाच-पाच वर्षांसाठी. पण खर्च ऐका. वीस वर्षांवरच्या चारचाकीला फी आता १०,००० आहे. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा ५०० दंड, पर्यावरण कर वेगळा, नवी नंबरप्लेट वेगळी. त्यातून आरसी अजून वडिलांच्या नावावर असणार. म्हणजे आधी वारस म्हणून फॉर्म ३१, मग नूतनीकरणाचा फॉर्म २५, आणि तपासणीला गाडी आरटीओत हजर करायची. चालत नसलेली गाडी टोचन करून नेलीत तर निरीक्षक पास करणार आहे का? माझी धाकट्याला साथ. द्या सोडून.

पाना नंबर दहा

दोन्ही बाजूंनी नुसत्या तोंडाच्या वाफा. गाडीखाली वाकून कोणी बघितलंय का?

वागळे इस्टेटला बरीच वर्षं पत्र्याचं काम केलंय, म्हणून सांगतो. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे मडगार्डवरच्या गंजाने रडू नका, तो घासून निघतो. दरवाज्याचा खालचा काठ सडला तर नवा पत्रा लावता येतो. खरी गाडी दाराच्या उंबऱ्याखाली असते. आम्ही त्याला सिल म्हणतो. दोन्ही सिल आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला टांगतात ते हँगर, एवढंच बघा.

स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि खालून सिलला दाबून टोचा. टणक लागला तर नुसता वरचा गंज. खपली पडली पण पलीकडे गेला नाही तर खड्डे पडलेत, काम होईल. आत घुसला तर पत्रा उरलाच नाही, रंगाने धरून ठेवलाय. फ्रिजवरचं लोहचुंबकही न्या. जिथे चिकटणार नाही तिथे आधीच्या कोणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवलीय. आतलं रबरी मॅट उचला. धाकटे म्हणतात ती कुजलेली पानं काचेच्या बीडिंगमधून (कडेच्या रबरी पट्टीतून) पाणी आत सोडतात आणि ते पाणी पायाखालच्या फ्लोअरवर साचून राहतं.

दोन्ही सिल एकदम कापणारा मिस्त्री भेटला तर गाडी घेऊन पळा. आतून अँगल ठोकून आधार न देता कापलं की गाडी मधे खचते आणि मग दरवाजे जन्मात लागत नाहीत. दीड लाखात हे नीट कोणी करून देईल असं मला वाटत नाही.

इंजिनाची काळजी सोडा. १०८९ सीसीचं साधं इंजिन. प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग पुलीला पाना लावून हाताने फिरवा. स्टार्टर मारू नका. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा आणि रबरी पाइप मात्र बदलावेच लागतील, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलात जुनं रबर टिकत नाही.

जुनं ते सोनं

बघा, म्हणजे होऊ शकतं. दहा नंबर माझ्याच बाजूचे निघाले.

पाना नंबर दहा

मी कोणाच्याच बाजूचा नाही. मी सिलच्या बाजूचा.

ऐरोलीची सून

सासरी अशीच एक गाडी होती. दर दिवाळीला "या वर्षी नक्की" असं ठरायचं. नऊ दिवाळ्या गेल्या आणि शेवटी तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली. जो करायची म्हणतोय त्याच्याकडे जागा आहे का, पैसे आहेत का, रविवार आहेत का? धाकट्यांनी भावाला एवढंच विचारावं. बाकी चर्चा गाडीची नसतेच.

वाशीचा धाकटा

विचारलं. जागा नाही. पैसे "बघू". रविवार आहेत.

आईलाही विचारलं, जे आम्ही दोघांनी आधी करायला हवं होतं. ती म्हणाली, "खंडाळ्याच्या घाटात ती तापायची तेव्हा पाण्याचा डबा घेऊन मी उभी. इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं मी टाकायचे. तुमचे बाबा बॉनेट उघडून तिला शिव्या घालायचे. तिचं कसलं स्मारक करताय?" भाऊ गप्प झाला. खरं सांगायचं तर मीही.

घोडबंदर रोड

आईंना नमस्कार. एक सावधगिरी: दारावरच्या भंगारवाल्याला वजनावर देऊन मोकळे होऊ नका. आरसी रद्द झाली नाही तर कागदावर मालकी तुमचीच राहते, उद्या तिचा नंबर कुठेही सापडला तरी दार तुमचंच वाजणार. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि सर्टिफिकेट घ्या.

वाशीचा धाकटा

काल रविवारी भाऊ आला. सतरंजी टाकून दोघंही खाली शिरलो. उजवी सिल टणक. डावीत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. तरी भाऊ म्हणत होता, एकच बाजू आहे, करू. मग मागच्या डाव्या हँगरला टोचलं तर हाताएवढा तुकडाच खाली पडला, भावाच्या शर्टावर. तो तुकडा हातात घेऊन भाऊ बराच वेळ तसाच पडून राहिला. मॅट उचलून फ्लोअर बघायची गरजच उरली नाही.

पाना नंबर दहा

हँगर गेला असेल तर मीही नको म्हणतो. होत नाही असं नाही, पण एवढं करून ती तुमच्या बाबांची गाडी राहणार नाही, मिस्त्रीची होईल.

जुनं ते सोनं

मला अजूनही पटलेलं नाही, पण ठीक आहे. उजवे दोन्ही दरवाजे आणि डॅशबोर्ड शाबूत असतील तर मी घेईन. टॅक्स्या गेल्यापासून माल मिळायचा बंद झालाय. योग्य पैसे देईन, न्यायला टेंपो माझा.

घोडबंदर रोड

सुटे भाग विकणार असाल तर आधी आरटीओत कलम ५५खाली नोंदणी रद्द करून घ्या. मग खुशाल.

वाशीचा धाकटा

कागद झाले की कळवतो. दरवाजे, डॅशबोर्ड, काचा, सगळं बघून घेऊन जा. स्टिअरिंग आणि त्याला लागून असलेला गिअरचा दांडा सोडून. तेवढं भावाने मागून घेतलंय.