मदत हवी आहे: बायकोला आठवा महिना आणि मला टीबी निघाला

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३१, चाकणला कंपनीत शॉपफ्लोअरवर आहे. भाड्याचा वन बीएचके, घरात आम्ही दोघंच. बायकोला बत्तिसावा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळ.

सासुरवाडीहून जुना सागवानी पाळणा आणला होता. बायको त्यातच वाढलेली. तीन रविवार गॅलरीत बसून तो पॉलिश पेपरने घासला. त्याच सुमाराला खोकला लागला, त्यामुळे लाकडाचा भुसा नाकातोंडात गेला असणार असंच धरून चाललो. कंपनीजवळच्या डॉक्टरांनी सिरप आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. खोकला तसाच. संध्याकाळ झाली की अंग कसकसायचं, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम. वजन ६७ वरून ६१ वर आलं. डोहाळजेवणाला मामेसासूबाई म्हणाल्यासुद्धा, "जावईबापू किती वाळलेत!" मी शिफ्टचं कारण सांगितलं. शिफ्टमुळेच असेल असं मलाही वाटत होतं.

मग एका सकाळी बेसिनमध्ये थुंकलो तर रक्ताची तार. बायको मागे उभी होती. नळ सोडून वाहून टाकायला गेलो, पण तिने पाहिलंच.

सरकारी दवाखान्यात बेडक्याचे दोन नमुने घेतले, एक तिथेच आणि एक दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या. एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. मशीनवरच्या तपासणीत, सीबीनॅट म्हणतात तिला, टीबी निघाला. रिफाम्पिसिन, म्हणजे टीबीचं मुख्य औषध, लागू पडेल असा आहे, म्हणजे नेहमीच्या औषधांनी बरा होणारा, असं डॉक्टर म्हणाले. टीबी निघाला की एचआयव्ही आणि शुगर तपासतातच. ते रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून होतो, तेव्हा डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. दोन्ही ठीक आले.

आज गोळ्यांचा नववा दिवस. माझ्या वजनाला रोज चार, रिकाम्या पोटी. एकूण सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढे तीन. लघवी नारिंगी होईल हे तिथल्या सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. ताप गेलाय. खोकला कमी आहे, गेलेला नाही.

मी हॉलमध्ये खिडकीखाली झोपतो, मास्क लावून. ती आत. माझं ताट-वाटी वेगळं केलंय. रात्री ती बेडरूमच्या उंबरठ्यावर बसते, मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि बाळ फिरलं की ती तिथूनच सांगते, "आत्ता लाथ मारली." गेल्या नऊ दिवसांत पोटावर हात ठेवलेला नाही.

पहिलं म्हणजे तिचं. निदान व्हायच्या आधी कमीत कमी सहा आठवडे तरी मी तिच्या शेजारीच खोकत झोपत होतो. तिला खोकला नाही, ताप नाही, वजन नीट वाढतंय. पोटावर शिशाचं कवच ठेवून छातीचा एक्सरे काढला, तो स्वच्छ आहे. तरीही तिला प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का? दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवू. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, बाळंतपण होऊ दे. कुणाला असा अनुभव आहे का?

दुसरं बाळाचं. एका बालरोगतज्ज्ञांनी जन्मल्याबरोबर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, द्या असं सांगितलं. दुसरे म्हणाले, बाळाला आयसोनियाझिड, म्हणजे टीबीचं प्रतिबंधक औषध, द्यावं लागलं तर बीसीजी नंतर. दोघेही चांगले डॉक्टर आहेत. मग आम्ही काय धरून चालायचं?

आणि मी बाळाला कधी उचलून घेऊ शकेन?

अजून एक, ते डॉक्टरांना विचारता येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, इस्लामपूरजवळ, ठरलंय. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, फक्त न्यूमोनिया म्हटलंय. बायको म्हणते, खरं सांगून टाका. मला भीती वाटते की ते तिला आजच घेऊन जातील आणि मला बाळाच्या वाऱ्यालाही उभं करणार नाहीत. गावात अजून ह्या रोगाचं नाव हळू आवाजात घेतात.

प्रतिसाद – पाणवठा

दादा, मी अकरा वर्षं टीबी विभागात काम करते. आधी ताट-वाटी परत एकत्र करा. हा रोग भांड्याने, कपड्याने, स्पर्शाने पसरत नाही, हवेतून पसरतो. म्हणून खिडकी उघडी, ऊन आत येऊ दे, मास्क आणि खोकताना तोंडावर रुमाल, एवढं महत्त्वाचं. औषध लागू पडणारा टीबी असेल तर गोळ्या नियमित घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता खूप खाली येते. बाळंतपणाला तुमचे जवळजवळ दोन महिने झालेले असतील. त्या वेळी बेडक्याची परत तपासणी असतेच. ती निगेटिव्ह आली की बाळ घ्यायला डॉक्टर स्वतःच सांगतील.

वहिनींसाठी: आयसोनियाझिड गरोदरपणात देता येतं, सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात. आठवड्यातून एकदा घ्यायची तीन महिन्यांची औषधं असतात, ती मात्र गरोदर बाईला देत नाहीत. आत्ता की नंतर, हे दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं. तुम्ही निरोप्या होऊ नका, एकाच्या समोर बसून दुसऱ्याला फोन लावा. बीसीजीचंही तेच. इस्लामपूरला जे बालरोगतज्ज्ञ बाळ पाहणार आहेत त्यांना तुमचे सगळे रिपोर्ट आत्ताच दाखवून निर्णय फाइलवर लिहून घ्या. प्रसूतीच्या रात्री ही चर्चा नको. आईने अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.

निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खुराकासाठी सरकार देतं ते, महिन्याला १००० रुपये या हिशोबाने बँक खात्यात येतात, खातं जोडलंय ना बघा.

प्रतिसाद – घाटमाथा

मला २०१९ ला झाला होता. डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकदम बरं वाटायला लागतं, तिथेच लोक गोळ्या सोडतात. माझ्या शेजारच्या कॉटवरच्याने सोडल्या होत्या. परत आला तेव्हा रोग औषधांना दाद देत नव्हता.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पाणवठाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आज ताटं एकत्र धुतली.

काल रात्री सासऱ्यांना फोन केला, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या थोरल्या भावाला लहानपणी झाला होता, तेव्हा रोज इंजेक्शन टोचायला त्यांनीच सायकलवरून तालुक्याला नेलं होतं. बायकोलाही हे माहीत नव्हतं. ते काका आजही शेतात जातात. शनिवारी सासरे इकडे येतायत, माझे रिपोर्ट घेऊन आपण दोघं बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ म्हणाले. पाळण्याला नवी दोरी पण आणतायत.

आता एकच विचारायचं राहिलं. माझ्या गोळ्या इथल्या दवाखान्यातून मिळतात. बाळंतपणाच्या वेळी पंधरा-वीस दिवस तिकडे राहिलो तर तिथल्या सरकारी दवाखान्यातून त्या चालू ठेवता येतील ना? कागद कुठला न्यावा लागेल?