जुन्या पीसीचं वायफाय मधूनच गायब होतं, डोंगल बदलू का?

वहीखातं:
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ राहते, घरूनच काही दुकानदारांचे हिशेब ठेवते आणि जीएसटीची रिटर्न्स भरते. पीसी जुना आहे: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, बी-७५ चा बोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. एसएसडी टाकल्यापासून कामाला एकदम चोख. बोर्डावर वायफाय नाही म्हणून नखाएवढं यूएसबी डोंगल लावलंय, १५० एमबीपीएसवालं.

राउटर ओटीवर, पीसी आतल्या खोलीत. मध्ये चिऱ्याची एकच भिंत, पण जुनी आणि जाड. त्रास दोन तऱ्हेचा आहे. एक म्हणजे रेंजच्या तीन काड्या दिसतात तरी पान उघडत नाही, नुसतं गोल गोल फिरत राहतं, मग कधीतरी आपोआप सुरू होतं. दुसरं म्हणजे कधीकधी आमच्या वायफायचं नावच यादीतून नाहीसं होतं. शेजारच्या काकांचं दिसतं, आमचं नाही! त्याच वेळी माझ्या मोबाईलवर आमचंच वायफाय मस्त चालू असतं. ड्रायव्हर काढून परत टाकला, डोंगल मागून पुढे लावून पाहिलं, ढिम्म फरक नाही. रिटर्नची २० तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. दुकानात विचारलं तर "ताई, पीसीच बदला." मला बदलायचा नाहीये.

मुलुंडकर:
खरं सांगू का, दुकानदार चूक नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तोवर एकदा फॉरमॅट मारून बघा, अर्धे आजार त्यानेच जातात.

सोल्डरगन:
सपोर्टचं बरोबर आहे, हिशेबाच्या मशीनला त्याचा विचार करावाच लागेल. पण तो आजचा आजार नव्हे. आणि फॉरमॅट कशाला? ज्या डोंगलला काकांचं वायफाय दिसतं ते मेलेलं नाही. सांगलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. "खराब" म्हणून टेबलावर येणारी कितीतरी डोंगलं ठणठणीत निघतात, बिघाड आजूबाजूला असतो.

ताई, आधी एवढं सांगा. नाव गायब होतं ते लाइट जाऊन आल्यावर का? पान अडकतं तेव्हा बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असते का, आणि कुठल्या पोर्टला? तिसरं, अडकल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरला पिंग मारा: पिंग, १९२.१६८.१.१, पुढे डॅश टी (अर्थात इंग्रजीत, राउटरच्या खालच्या स्टिकरवर वेगळा पत्ता असेल तर तो). राउटरच उत्तर देत नसेल तर भानगड घरातली. तो चटाचट उत्तर देतोय आणि तरी पान उघडत नाही, तर इंटरनेटवाल्याला फोन लावा, डोंगलला शिव्या नकोत.

वहीखातं:
लाइटचं तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, हो, लाइट गेल्यानंतरच. पीसी यूपीएसवर आहे, राउटर नाही. पण दर वेळी गायब होत नाही, म्हणून कधी संबंध लावला नव्हता.

हार्ड डिस्क असते. संध्याकाळी टॅलीचा बॅकअप घेते तेव्हा निळ्या पोर्टला, आणि डोंगल त्याच्या शेजारच्या निळ्यात. पुढचे दोन्हीही निळेच आहेत. आज बॅकअप चालू असताना पिंग मारलं तर "रिक्वेस्ट टाइम्ड आउट"च्या ओळीच्या ओळी. डिस्कची वायर काढली आणि लगेच २ मिलिसेकंद, २ मिलिसेकंद, ३... मी बघतच राहिले.

सोल्डरगन:
मग दोन दुखणी आहेत, औषधंही दोन.

निळं पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यात डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने पळतो आणि त्या धावपळीचा रेडिओ-गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बाहेर सांडतो. तुमचं डोंगलही २.४ वरच बोलतं, आणि त्याचा अँटेना गोंगाटाच्या उशालाच. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता, नवीन काही नाही. भरल्या आठवडी बाजारात फोनवर बोलण्यासारखा प्रकार आहे: समोरचा ओरडतोय, पण शब्द कळत नाहीत. काड्या राउटरचा आवाज किती मोठा एवढंच सांगतात, गोंगाट किती ते नाही. म्हणून तुम्हाला तीन काड्या दिसत राहतात.

उपाय स्वस्त आहे. एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या. ती मागच्या काळ्या (यूएसबी २) पोर्टला लावा आणि डोंगल टेबलावर, डिस्कपासून लांब, जमेल तितकं उंच ठेवा. तुम्ही डोंगल मागून पुढे नेलंत तरी ते निळ्याच्याच शेजारी राहिलं, फरक पडणार कसा? शिवाय मागच्या पोर्टला नुसतं खुपसलं की कॅबिनेटचा पत्रा आडवा येतो, तोही त्रास केबलने जातो. डिस्क निळ्यातच राहू द्या.

आता गायब होणारं नाव. आपल्याकडे २.४ मध्ये १ ते १३ चॅनल (वायफायच्या गल्ल्याच म्हणा) चालतात. अमेरिकेच्या नियमांवर सेट केलेली डोंगलं मात्र ११ पर्यंतच ऐकतात, आणि स्वस्तातल्या मालात अशी भरपूर असतात. राउटरचा चॅनल "ऑटो"वर असला की लाइट आल्यावर तो स्वतःच जागा शोधतो. १ वर किंवा ६ वर बसला तर ठीक, १२-१३ वर गेला की डोंगलच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. मोबाईल भारतातले चॅनल धरून चालतो, त्याला दिसतो. दर वेळी का होत नाही, त्याचं उत्तर हेच असावं. खात्री करायची तर पुढच्या वेळी राउटर बंद-चालू न करता मोबाईलवर वायफाय ॲनालायझर ॲप टाकून आपला चॅनल बघा.

मग ब्राउझरमध्ये राउटरचा तोच पत्ता टाकून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा, २.४ चा ऑटो काढा, १, ६ किंवा ११ पैकी काकांचा नसेल तो ठेवा, विड्थ २० मेगाहर्ट्झ. सिक्युरिटी डब्ल्यूपीए-२ एईएस. नुसत्या डब्ल्यूपीए-३ वर जुनी डोंगलं जोडली जात नाहीत.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवायला बंद करू द्या"ची खूणही काढून टाका. तुमचं दुखणं ते नाही, पण डेस्कटॉपला त्याची गरजच काय?

घाटावरचा:
२० तारखेला अगदीच अडलं तर अँड्रॉइड मोबाईल वायफायला जोडा, चार्जिंगच्या केबलने पीसीला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन वायफायच पुढे पीसीला देतात, मोबाईल डेटा खर्च होत नाही. माझं डोंगल वारलं तेव्हा असंच काम काढलं होतं. आणि ५ गिगाहर्ट्झचं डोंगल घ्या असं कोणी सांगेल, तर आधी ती चिऱ्याची भिंत आठवा. २.४ च तिथून बरं जातं.

वहीखातं:
केबल आणली. बॅकअप चालू ठेवून पोर्टल उघडलं, एकदाही अडकलं नाही. काल वाऱ्यात लाइट गेली, आली, आणि नाव गायब! ॲपमध्ये बघितलं तर चॅनल १३. काकांचं ११ वर आहे, म्हणून आमचं ६ ला बांधलं. नंतर मुद्दाम राउटरचं बटण बंद-चालू करून पाहिलं, नाव जागच्या जागी. फार फार आभार. आता राउटरला छोटा यूपीएस मिळतो म्हणतात, तो घेऊ का?

सोल्डरगन:
घ्या, लाइटच्या लपंडावात उपयोगी पडेल. फक्त राउटरच्या ॲडॉप्टरवरचं लेबल आधी वाचा. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही निघतात. व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिन बसते का ते दुकानातच लावून बघा. फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही त्याच्यावर घ्यावा लागेल, नाहीतर वायफाय दिसेल आणि नेट नसेल.