कोरलेल्या भोपळ्याचं पुढे काय?

कुणीतरी लिहिलंय की हॅलोविनला (३१ ऑक्टोबरच्या सणाला) भोपळे कोरून फेकून देतात, केवढी नासाडी! अगदी पटलं. कचराभूमीत दबलेला भोपळा हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. आमच्या अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात स्केअर्स (SCARCE) ही संस्था २०१४ पासून हॅलोविननंतर 'पम्पकिन स्मॅश' भरवते. मुलं भोपळे आपटून फोडतात, त्यांचं कंपोस्ट होतं. मेणबत्ती, चिकटवलेले डोळे तेवढे आधी काढायचे.

आम्ही हल्ली कोरायचा मोठा भोपळा आणतच नाही. 'पाय' (pie) हा गोड पदार्थ करायचा छोटा भोपळा आणतो, त्यावर कोळशाने तोंड काढून दारात अख्खाच ठेवतो. १ नोव्हेंबरला धुवायचा, किसायचा, गुळात शिजवायचा, की घारगे! मोठा भोपळा पाणचट असतो, त्यात कणीक नुसती वाढत जाते. बिया मीठ लावून भाजायच्या.

आणि कृपा करून झुडपांवर हॅलोविनच्या सजावटीची ती नकली कोळिष्टकं पसरू नका. गेल्या वर्षी शेजारी एक चिमणी पाय गुंतून लटकत होती. कात्रीने एकेक धागा कापेपर्यंत तिचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं.