हमी नेमकी कशाची?

‘युरोपात बॅचलर झालं की मास्टर्सची जागा पक्कीच’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. हमी बहुधा त्याच विद्यापीठातल्या, त्याच विषयाला जोडून येणाऱ्या मास्टर्सपुरती असते. डेन्मार्कमध्ये तर तो कायदेशीर हक्कच आहे, आणि स्वित्झर्लंडमध्येही तिथल्या विद्यापीठाची बॅचलर असेल तर त्याच विषयाला विनाअट घेतात. पण ‘विशेष’ म्हणून वेगळे काढलेले मास्टर्स यात धरलेले नसतात. तिथे गुण, शिफारसपत्रं, सगळं लागतं. आणि नेमके तेच सगळ्यांना हवे असतात!

दुसरी मेख क्रेडिट्सची, म्हणजे विषय पास झाला की खात्यात जमा होणाऱ्या अंकांची. नेदरलँड्समध्ये पूर्वी एखाद-दुसरा विषय राहिला तरी मास्टर्सच्या वर्गात बसता यायचं. २०१२ पासून ती सवलत साधारणपणे बंद झाली. म्हणजे बॅचलरच्या १८० पैकी १७५ क्रेडिट्स झाले आणि एक पेपर लटकला, तर हमी असूनही तुम्ही दाराबाहेरच.

मी तर नियमावलीत आधी मुदत शोधेन. हक्क पदवीनंतर लगेच वापरायचा आहे, की मध्ये नोकरी करून आलं तरी चालतं? तो मुद्दा बरेचदा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो.