जुन्या साड्या आणि जीन्सचे पडदे, अभ्रे: सल्ला हवा (ऐरोली, खर्च ८००)

खाडीकाठ: हॉलची खिडकी ५ फूट रुंद, दांड्यापासून खाली ५४ इंच. दुपारचं ऊन थेट आत. हाताशी दोन सुती साड्या, एक रेशमी, तीन जीन्स. घरी साधं मशीन आहे. पडदे आणि १६ इंची कुशनचे अभ्रे गणपतीच्या आत व्हायला हवेत. सोफा क्रीम रंगाचा. ८०० च्या वर नको.

नौपाड्याचा_दोरा: ताई, रेशमी बाजूला ठेवा, उन्हाने विरते. सुतीचा हिशेब असा. साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. ५४ अधिक दुमडायला वर ४ आणि खाली ६, असे ६४ इंचांचे तीन पट निघतात. पन्हा (कापडाची रुंदी) ४६ असेल तर मिळून १३८ इंच. ६० इंची दांड्याला चुणीसाठी दुप्पट, १२० पुरतात. उरलेल्या २४ इंच पदरात एक अभ्रा बसतो: पुढे १७ बाय १७, मागे १७ बाय ११ चे दोन तुकडे एकमेकांवर चढवून. चेन लागत नाही.

वाशी_सेक्टर१७: एवढा खटाटोप कशाला? ब्लॅकआउट अस्तराचे तयार पडदे घ्या. आमचे पाचेक हजार गेले, पण खोली गार राहते.

कळव्याची_काकू: अहो, ८०० म्हटलंय त्यांनी. आधी साडी उजेडात धरा आणि घडीच्या रेघेवर दोन्ही अंगठ्यांनी ताणा. धागे सरकले तर पडद्याला घेऊ नका, गोधडीत घाला. फॉल उसवा, नाहीतर धुतल्यावर काठ आवळतो. खळ पूर्ण धुऊन काढा, खळीला कसर लागते. आणि रिंगा नकोत. बकरम (आतली कडक पट्टी) न घालता रिंग ठोकली की विरळ कापड तिथेच फाटतं. वर खिसा शिवून दांडा ओवा. रेशमी तर अजिबात नको.

घोडबंदर_९०: जीन्सला १६ नंबरची सुई घ्या. जाड शिवणीवर सुई मोडते, तिथे आधी हातोडीने ठोकून सपाट करा, मग चाक हाताने फिरवा. गुडघ्याचा भाग झिजलेला असतो, पोटरीकडचं कापड घ्या. रंग पक्का व्हायला मिठाच्या पाण्यात भिजवा.

नौपाड्याचा_दोरा: मिठाने इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, पक्का होत नाही. ओलं पांढरं फडकं जोरात घासून बघा. निळं झालं तर ती जीन्स क्रीम सोफ्यावर नको.

कोपरी_कट्टा: हल्ली बोहारणी चार साड्यांना एक डबा देतात. घरीच वापरा, हेच बरं.

कळव्याची_काकू: डबा कशाला हवाय? चिंध्या कुशनमध्ये भरू नका एवढं लक्षात ठेवा. गोळे होतात, पावसाळ्यात कुबट वास सुटतो.

नेरूळ_पाम: रेशमी साडी पडद्याला वापरू नका, उन्हाने विरते.

खाडीकाठ: सगळ्यांचे आभार. सुया आणि फडक्याची परीक्षा नक्की. पण उभे पट नको वाटतात, काठ खालीच हवा. साडी आडवी लावते. पन्हा ४६, पाहिजेत ६४, म्हणून दुसऱ्या साडीची १९ इंची पट्टी वर जोडते, १ इंच शिवणीत जाईल. जोड उन्हात दिसेल म्हणून दुमडून दुहेरी शिवण घालते. दोन पट, प्रत्येकी ६२ इंच, कडांसह. जीन्सचे अभ्रे गॅलरीतल्या खुर्च्यांना.

नौपाड्याचा_दोरा: मग पट्टी जोडायच्या आधी दोन्ही साड्या एकत्र धुवा. एक आटली आणि दुसरी नाही, तर जोडावर झोळ पडतो.