मदत हवी आहे: पोलीस भरतीची तयारी आणि नडगीचं दुखणं, सराव थांबवायचा की चालू ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी हा धागा काढते आहे. ती पोलीस शिपाई भरतीची तयारी करते आहे आणि तिच्या दोन्ही नडग्या दुखायला लागल्या आहेत. अकॅडमीत एक सांगतात, डॉक्टर दुसरं, घरात तिसरंच. ज्यांनी हे दुखणं काढून पुन्हा पळायला सुरुवात केली आहे किंवा ज्यांचा हा अभ्यासाचा विषय आहे, त्यांनी कृपया लिहा.

भरतीची माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात: मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत काढलं तर पूर्ण २० मिळतात, त्यापुढे गुण भराभर उतरतात. मैदानीत निम्मे गुण पडले तरच लेखीचा विचार, आणि तिथेही एका जागेमागे दहाच जणांना बोलावतात. शिवाय मैदानी कधी लागेल याचा नेम नसतो. २०२४ ला ऐन जूनमध्ये, पावसात सुरू झाली होती. त्यामुळे "महिनाभर आराम कर" असं कोणी म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. तीन वर्षं ती याच एका गोष्टीसाठी झटते आहे, आणि तिचं हे दुखणं बघताना मला रात्री झोप लागत नाही.

आता दुखण्याबद्दल. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. अकॅडमीचा सराव पहाटे असतो. मैदान चिखलात गेल्यापासून सगळी बॅच सर्व्हिस रोडच्या सिमेंटवर पळते. त्याच सुमारास सरांनी राउंडही वाढवले आणि आठवड्यातून दोनदा असणारे स्प्रिंट रोजचे केले. बऱ्याच मुली अनवाणी पळतात. ही बूट घालते, पण टाचेकडून सोल पार चपटं झालं आहे.

सुरुवातीला पहिल्या राउंडला दुखायचं आणि अंग तापलं की थांबायचं. मग पळून आल्यावरही दुखायला लागलं. आता चालतानासुद्धा दुखतं. परवा स्टेशनच्या पुलावरून उतरताना पाहिलं, एका हाताने कठडा धरून आडवी आडवी उतरत होती. बावीस वर्षांची मुलगी!

दुखण्याची जागा नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर. काल रात्री तिला पलंगावर बसवून मी अंगठ्याने हाडाची कड दाबत वर गेले. डाव्या पायाला जवळजवळ वीतभर पट्टा दुखतो, पण सहन होईल इतपत. उजव्या पायाला मात्र त्या पट्ट्यात एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा अशी आहे, की तिथे बोट टेकताच तिने पाय ओढून घेतला. तिथे किंचित सूजही वाटते.

जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नाही. वेदनाशामक गोळ्या आणि क्रेप बँडेज दिलं. सर म्हणतात, "नडगी सगळ्यांचीच भरते, पळून पळूनच मोकळी होते." आई रोज रात्री गरम तेलाने जोर लावून चोळते. गोळी घेऊन पळणाऱ्या मुली बॅचमध्ये आहेत, आणि आता हीसुद्धा तेच म्हणते आहे. ते मला अजिबात पटत नाही.

मला विचारायचं आहे ते असं: हे शिन स्प्लिंट्सच (पळण्याच्या ताणाने नडगीच्या कडेला होणारं दुखणं) आहे का, आणि एक्स-रे स्वच्छ असेल तर हाड ठीक आहे असं धरायचं का? पळणं पूर्ण बंद केलं तर दम किती टिकतो आणि तो टिकवायला दुसरं काय करता येईल? आणि परत सुरुवात नेमकी कशी करायची, कारण "बरं वाटलं की पळ" या सल्ल्याचा तिच्या बाबतीत काही उपयोग नाही. तिला उद्याच बरं वाटेल.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही अंगठा फिरवून जे पाहिलंत तेच आम्ही आधी पाहतो. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण दोन पायांचा विचार वेगवेगळा करा.

डाव्या पायाचं वर्णन शिन स्प्लिंट्सला जुळतं. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्टा दुखतो, निदान पाच सेंटीमीटर तरी. पोटरीचा आतला स्नायू आणि त्याचं आवरण त्या कडेला धरलेलं असतं, आणि प्रत्येक पावलागणिक हाडही किंचित वाकतं. भार हळूहळू वाढला तर हाड स्वतःला मजबूत करून घेतं. राउंड, स्प्रिंट आणि सिमेंट एकदमच अंगावर आले, तर हाडाची झीज पुढे जाते आणि भर मागे पडते.

उजवा पाय मला काळजीचा वाटतो. बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा, वर सूज, चालताना दुखणं, यात हाडाला बारीक भेग असण्याची शक्यता धरावीच लागते. एक्स-रेवर विसंबू नका. अशी भेग पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. केईएम, सायन किंवा नायरच्या हाडांच्या ओपीडीत दाखवा, फिजिओथेरपी विभागही तिथेच आहे. तोवर उजव्या पायावर उड्या मारून "दुखतंय का बघू" असली परीक्षा नको. पळणं आजपासून बंद. चालताना लंगडत असेल तर चालणंही कमी.

सरांचं "पळून मोकळी होते" हे कुठून येतं ते सांगते. पहिल्या टप्प्यात अंग तापलं की दुखणं खरंच दबतं, म्हणून पोरं पळत राहतात. काहींचं निभावतं. ज्यांचं निभावत नाही, त्या पुढच्या बॅचला दिसत नाहीत. गोळी घेऊन पळणं तर नकोच. थांब म्हणून सांगणारी एकच खूण आहे, तीही गोळीने पुसली जाते. आईंना सांगा, पोटरीवर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण हाडावर जोर लावून चोळणं बंद करा. दुखऱ्या जागी फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ ठेवा. आराम वाटतो, हाड मात्र त्याने भरत नाही.

भेग नाही असं ठरलं तर पुढची वाट अशी. आधी अर्धा तास भरभर चालून दुखायला नको, त्या दिवशीही आणि दुसऱ्या सकाळीही. सोबत पोटरीचे व्यायाम: भिंतीला धरून टाचा उचलणं, आधी गुडघे सरळ ठेवून, मग थोडे वाकवून. वाकवून केलेला प्रकार सगळे टाळतात, आणि आतल्या स्नायूला कामाला लावणारा तोच आहे. दोन पायांवरून एका पायावर या. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच नीट उचलली जाईपर्यंत स्प्रिंटचं नाव काढू नये. भिंतीला पाठ टेकून चवडे वर उचलायचे, हाही रोज.

मग एक मिनिट सावकाश पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा-बारा मिनिटं, एक दिवसाआड, मऊ जमिनीवर. दहापैकी दोनपर्यंत दुखलं आणि सकाळी उतरलं तर चालेल. सकाळी जास्त असेल तर एक पायरी मागे. आधी वेळ वाढवा, वेग नंतर, स्प्रिंट सगळ्यात शेवटी. पावलं थोडी छोटी आणि भरभर टाकली की नडगीवरचा भार कमी होतो. बूट बदला. रस्त्याच्या एकाच कडेने पळू नये, उतारामुळे एका पायावर जास्त येतं.

भेग निघाली तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं नाही, कधी जास्तही. कटू आहे, पण तिला तशीच पळवली तर हाड पूर्ण मोडू शकतं.

एक विचारायचं राहिलं, कारण हाडाच्या ताकदीशी त्याचा संबंध असतो. ती पोटभर जेवते का? आणि पाळी नियमित आहे का? तिच्याशी एकांतात बोला. ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

प्रतिसाद २

मी मुंबईतच शिपाई आहे ताई. माझीही नडगी अशीच होती आणि त्या काळात मी गोळाफेकीवर तग धरला. गोळ्याला १५ गुण आहेत आणि मुली त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, सगळा जीव ८०० मध्ये. डॉक्टरांनी हो म्हटलं की जागेवर उभं राहून फेकायला सांगा, पायाला धक्का नाही. मनगट, खांदा, कंबर यांचा मेळ रोजच्या सरावाशिवाय बसत नाही. मी गोळ्यात चांगली वाढले आणि त्या जोरावर ८०० चे थोडे गुण गेले तरी यादीत आले. लेखीच्या १०० गुणांचा अभ्यासही याच दिवसांत होतो. पहाटे उठायची सवय मोडू देऊ नका. ग्राउंडऐवजी पुस्तक, पण वेळ तीच.

दमासाठी मी खाटेच्या बाजूला बसवलेली व्यायामाची सायकल मारायचे, दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश. ८०० चा दम त्यातून बराच राहतो. पायाची सवय जाते, ती परत येते.

धागाकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. रात्री तिच्याशी बोलले. पाळी लांबली आहे, आणि ती हे तयारीमुळे होतंच असं समजून गप्प होती. वजन कमी झालं की टायमिंग सुधारतं असं कोणीतरी सांगितल्यामुळे संध्याकाळची भाकरी तिने कधीच सोडून दिली आहे. आईला आत्ता कळलं. आज ताटात भाकरी, उसळ आणि अंडं वाढलं आणि समोर बसून खायला लावलं.

सोमवारी सायनला हाडांच्या ओपीडीत नेते आहे, तिथूनच स्त्रीरोग विभागात विचारेन. तोवर पळणं बंद, हे तिने रडून का होईना मान्य केलं. सरांना फोन मी करणार आहे.

आता एकच: चेंबूरच्या महापालिकेच्या तलावावर पोहता न येणाऱ्या मुलींना छातीइतक्या पाण्यात नुसतं चालण्याचा, पळण्याचा व्यायाम करू देतात का? आणि बायकांची वेगळी वेळ असते का? कोणी तिथे जात असेल तर कळवा. आणि प्रतिसाद १ वाल्या ताई, भेग नाही असंच निघालं तर टाचा उचलण्याचा व्यायाम रोज करायचा की एक दिवसाआड?